सेवेची कसोटी नोंदीत: कुर्दिस्तानापासून जोयड्यापर्यंत

मार्च महिन्याच्या २० तारखेला अंधार पडू लागला की इराकी कुर्दिस्तानातील आक्रे या गावात शेकडो माणसे पेटत्या मशाली घेऊन डोंगर चढू लागतात. दुसऱ्या दिवशी नवरोज, म्हणजे कुर्दांचे नववर्ष. हा सोहळा पाहण्यासाठी आता परदेशांतूनही लोक येतात. त्यांत निव्वळ पर्यटक असतात, तसेच काही आठवडे किंवा काही महिने इंग्रजी शिकवण्यासाठी, निर्वासितांच्या छावणीत हातभार लावण्यासाठी आलेले स्वयंसेवकही असतात. सेवा करता करता एखाद्या अनोळखी समाजाची संस्कृती जवळून अनुभवावी, ही कल्पना गेल्या दोन दशकांत जगभरच्या तरुणांत चांगलीच रुजली आहे. गोव्यासारख्या, घराघरातून कुणी ना कुणी परदेशी गेलेल्या राज्याला तर ती मुळीच परकी नाही.

या कल्पनेत वाईट काही नाही. मात्र तिच्यामागचा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाहुणा परतल्यावर त्या समाजाच्या हाती नेमके काय उरते? छायाचित्रे पाहुण्याच्या भ्रमणध्वनीत जातात, आठवणी त्याच्या मनात राहतात, प्रमाणपत्र त्याच्या अर्जाला जोडले जाते. यजमानाच्या पदरी काय पडले, याचा हिशेब फार थोडे जण मांडतात. हा हिशेब मांडायचा तर कुर्दांचा इतिहास उपयोगी पडतो. आणि तो मांडून झाल्यावर गोव्याच्या पूर्वसीमेवरच्या एका तालुक्याकडे पाहणे अपरिहार्य होते. तो तालुका म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा.

कागदाने विभागलेला समाज

कुर्दांची लोकसंख्या सर्वसाधारणपणे अडीच ते साडेतीन कोटींच्या दरम्यान मानली जाते. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या डोंगराळ पट्ट्यात हा समाज शतकानुशतके राहतो. पहिल्या महायुद्धानंतर १० ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या सेव्हरच्या तहात कुर्दांच्या स्वायत्ततेची, पुढे स्वातंत्र्याचीही शक्यता नमूद होती. तीनच वर्षांनी, २४ जुलै १९२३ रोजी, लोझानचा तह झाला आणि त्यात कुर्दांचे नावही उरले नाही. डोंगर तेच राहिले, गावे तीच राहिली, सोयरिकीही तशाच राहिल्या. बदलला तो नकाशा, आणि नकाशाबरोबर प्रत्येक तुकड्याचे नशीब.

नशिबाचा हा फरक बंदुकीने जितका घडवला तितकाच कागदाने. १९६२ मध्ये सीरियाने एकट्या हसका प्रांतात विशेष जनगणना घेतली आणि तिच्या आधारे सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व काढून घेतले. एकाच घरातील एक भाऊ नागरिक आणि दुसरा परका, असेही त्यात घडले. या माणसांच्या पुढच्या पिढ्या जमीन नावावर करणे, सरकारी नोकरी, पारपत्र या साध्या गोष्टींना मुकल्या. तुर्कस्तानात १९९१ पर्यंत कुर्द भाषेवर कायद्याने बंदी होती. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरे तुर्की वर्णमालेत नाहीत, म्हणून ती असलेली कुर्द नावे तेथील दप्तरात नोंदवली जात नसत. या अक्षरांवरील निर्बंध उठायला २०१३ साल उजाडावे लागले. इराकमध्ये मात्र २००५ च्या राज्यघटनेने कुर्द भाषेला अरबीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. भाषा एकच, पण सीमेच्या एका बाजूला ती राजभाषा आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा, अशी ही स्थिती होती.

भाषा एकच म्हणतानाही थोडे थांबावे लागते. तुर्कस्तान व सीरियात बोलली जाणारी कुर्मांजी रोमन लिपीत लिहिली जाते, तर इराक आणि इराणमधील सोरानी अरबी वळणाच्या लिपीत. देवनागरी, रोमी आणि कन्नड लिप्यांत वाटली गेलेली कोकणी ज्यांच्या घरात बोलली जाते, त्या गोमंतकीय वाचकाला या गुंत्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

पाहुण्यांनी मागे काय ठेवले?

सद्दाम हुसेनच्या राजवटीने १९८८ मध्ये ‘अनफाल’ नावाची मोहीम चालवून कुर्दांची हजारो गावे उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी १६ मार्च रोजी हलबजा शहरावर रासायनिक अस्त्रांचा मारा झाला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. १९९१ नंतर उत्तर इराकला संरक्षण मिळाले आणि बाहेरच्या जगातून मदतकार्य करणारी माणसे तेथे पोहोचू लागली. त्यांनी अन्न वाटले, तंबू उभारले, औषधे दिली. हे काम अत्यावश्यकच होते. पण तीन दशकांनंतर मागे वळून पाहिले तर बाहेरच्या माणसांच्या दोन कामांनी विशेष टिकाव धरल्याचे दिसते, आणि दोन्ही कामे नोंदीची आहेत.

पहिले काम कागदपत्रांचे. १९९१ च्या उठावात कुर्दांनी इराकी गुप्त पोलिसांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. तेथे सापडलेले सुमारे १८ टन दस्तऐवज अमेरिकेत हलवण्यात आले आणि मानवी हक्क संघटनेच्या अभ्यासकांनी ते तपासले. त्याच सुमारास न्यायवैद्यक तज्ज्ञ क्लाइड स्नो यांच्यासारख्यांनी सामूहिक दफनांचे उत्खनन केले. कागद, हाडे आणि वाचलेल्यांच्या जबान्या या तिन्हींवर आधारलेला अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनफाल हा वंशसंहार होता, हे म्हणणे त्यानंतर केवळ आक्रोश राहिले नाही. तो पुराव्यानिशी केलेला आरोप झाला.

दुसरे काम सुसान मायझेलास या अमेरिकी छायाचित्रकर्तीचे. ती १९९१ मध्ये कुर्दिस्तानात गेली ती या दफनभूमींची छायाचित्रे घेण्यासाठी. या समाजाकडे स्वतःचे असे राष्ट्रीय अभिलेखागारच नाही, हे तेथे तिच्या ध्यानात आले. मग स्वतः टिपलेल्या छायाचित्रांपुरते न थांबता तिने घराघरांतून जपलेली जुनी छायाचित्रे, पत्रे आणि आठवणी गोळा करण्यास सुरुवात केली. १९९७ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. पाहुणीने स्वतःला काय दिसले ते सांगण्यापेक्षा यजमानांकडे काय होते ते जपले.

याच्या उलट उदाहरणेही कमी नाहीत. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांच्या ओघामुळे अनाथाश्रम चालवणे हाच एक धंदा बनला आणि आईवडील हयात असलेली मुलेही त्यांत आणून ठेवली गेल्याचे उघडकीस आले. सेवेची हौस भागवण्यासाठी अनाथ लागतात, म्हणून अनाथ निर्माण केले गेले. हेतू चांगला असला की परिणाम चांगलाच होतो, हा भाबडेपणा येथे फार महागात पडला.

अनमोड घाटापलीकडचे कुणबी

आता जोयड्याकडे वळू. गोव्याच्या सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांना लागून असलेला हा डोंगराळ, दाट जंगलाचा तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम ५० हजारांच्या आसपास. काळी नदीचा उगम याच तालुक्यातील डिग्गी परिसरातला. त्या नदीवर सुपा धरण झाले आणि तालुक्याचे जुने ठाणे असलेले सुपा गावच पाण्याखाली गेले. विस्थापितांसाठी रामनगर वसवण्यात आले. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २००७ मध्ये दांडेली अभयारण्य आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले.

या जंगलात कुणबी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगीज राजवटीच्या जाचामुळे आपले पूर्वज गोव्यातून घाट चढून आले, असे त्यांची परंपरा सांगते. घरात कोकणी, शाळेत कन्नड आणि रामनगरसारख्या ठिकाणी बाजारात मराठी, असा त्यांचा भाषाव्यवहार. रानातील आणि परसातील कंद हा त्यांच्या शेतीचा आणि आहाराचा गाभा. माडी, कणगां, करांदे, सुरण ही नावे सांगे-काणकोणच्या माणसाला जशी ओळखीची, तशीच जोयड्याच्या माणसाला. जोयड्यात दरवर्षी हिवाळ्यात भरणारा कंदांचा मेळावा आता दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाला आहे.

घाटावरची सीमा आज राज्याराज्यांतली आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती दोन राजवटींमधली होती. कॅसलरॉक हे तेव्हा केवळ रेल्वेस्थानक नव्हते, तर हद्दीवरचे ठिकाण होते. १९५६ पर्यंत घाटावरचा भाग मुंबई राज्यात, त्यानंतर म्हैसूर म्हणजे आजच्या कर्नाटकात. अशा रीतीने एकच समाज दोन दप्तरांत गेला. यापुढची कहाणी मात्र दोन्ही बाजू स्वतंत्र भारतात आल्यानंतरची आहे, आणि म्हणूनच ती अधिक विचार करायला लावते.

जानेवारी २००३ मध्ये संसदेने केलेला अनुसूचित जाती व जमाती आदेश दुरुस्ती कायदा अमलात आला. या कायद्याने गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. त्याच कायद्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजालाही कर्नाटकच्या यादीत घेतले. म्हणजे एकाच कायद्याची नजर घाटाखालच्या कुणब्यांवर पडली आणि घाटावरच्या सिद्दींवरही पडली. दोघांच्या मध्ये उभा असलेला घाटावरचा कुणबी मात्र तिच्यातून सुटला. तो आजही यादीबाहेर आहे.

घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातींची यादी राज्यनिहाय ठरते. एका राज्यातील दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. याचा अर्थ साधा आहे. सांग्याची मुलगी जोयड्यात दिली, तर तिच्या माहेरचा भाचा अनुसूचित जमातीचा विद्यार्थी म्हणून शिष्यवृत्ती घेईल आणि तिच्या स्वतःच्या मुलाला ती मिळणार नाही. दोघांची आजी एक, बोली एक, कुळाचार एक. फरक फक्त यादीचा.

पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

शिष्यवृत्ती आणि नोकरीपेक्षाही मोठा फरक जमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असल्याचे दाखवले की त्याचा दावा उभा राहतो. यादीबाहेरच्या वनवासींना मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. सांग्यातील कुणब्याला जे २००५ पुरते सांगावे लागते, ते जोयड्यातील कुणब्याला १९३० पासून सांगावे लागते. ज्या समाजाचा इतिहास तोंडी आहे, ज्यांच्या पूर्वजांची फिरती कुमरी शेती इंग्रज वनखात्याने मोडीत काढली आणि ज्यांच्या तालुक्याचे जुने ठाणेच जलाशयात बुडाले, त्यांच्याकडून हा पुरावा मागितला जातो.

त्यात व्याघ्र प्रकल्पाची भर. गाभा क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मिळणारे पुनर्वसन साहाय्य १० लाखांवरून १५ लाख रुपये करण्यात आले आहे. स्थलांतर ऐच्छिक असावे आणि वनहक्कांचा निवाडा आधी व्हावा, असे कायदा सांगतो. पण ज्याचा हक्कच कागदावर आलेला नाही, त्याची ‘इच्छा’ कितपत मोकळी असते? रस्ता नाही, दवाखाना लांब, दावा प्रलंबित, अशा स्थितीत पुढे केलेली रक्कम हा पर्याय असतो की शेवटचा मार्ग, हे ठरवणे कठीण नाही.

गोव्याने हा प्रश्न शेजाऱ्याचा म्हणून सोडून देऊ नये, याला आणखी एक कारण आहे. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्य आणि लगतचा भाग व्याघ्र क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हे जंगल काळी प्रकल्पाच्या जंगलाशी जोडलेले आहे. वाघाला सीमा नसते, असे म्हणतात ते खरेच. पण वाघाच्या नावाने आखलेल्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसाला सीमा असते. सत्तरी आणि सांग्यातील गावांना जी भीती वाटते, तिचा प्रत्यक्ष अनुभव जोयडा गेली अनेक वर्षे घेत आहे.

कौतुक आणि मान्यता

जोयडा आज अपरिचित नाही. गणेशगुडीजवळ काळी नदीत नौकाविहार आहे, दांडेलीपर्यंत निवासगृहांची रांग आहे, घरगुती मुक्कामाच्या सोयी आहेत. जंगल, कंद, रानभाज्या, होळीचे खेळ या सर्वांचे कौतुक होते. गोव्यात दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुनरुज्जीवित केलेल्या कुणबी साडीमुळे ‘कुणबी’ हा शब्द आज प्रतिष्ठेच्या दालनांत पोहोचला आहे. शब्द पोहोचला, ही आनंदाची गोष्ट. पण तो शब्द ज्यांचा, ती माणसे कुठवर पोहोचली?

कौतुक आणि मान्यता यांतील अंतर याच जिल्ह्याने आणखी एका प्रकारे दाखवले आहे. अंकोला तालुक्यातील हालक्की समाजाच्या सुक्री बोम्मगौडा यांना लोकगीतांसाठी २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच समाजाच्या तुळसी गौडा यांना वृक्षसंवर्धनासाठी हा सन्मान मिळाला. राष्ट्रपती भवनात अनवाणी गेलेली त्यांची मूर्ती देशाने पाहिली. डिसेंबर २०२४ मध्ये तुळसी गौडा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुक्री बोम्मगौडा काळाच्या पडद्याआड गेल्या. हालक्की समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, ही मागणी त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. गाण्याला पदक मिळाले, पण गाणाऱ्यांच्या समाजाला यादीत जागा मिळाली नाही.

मान्यतेची प्रक्रिया किचकट आहे. राज्य सरकारने शिफारस करायची, भारताच्या महानिबंधकांनी ती तपासायची, राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने मत द्यायचे आणि शेवटी संसदेने कायदा करायचा. तपासणीचे निकष १९६५ च्या लोकूर समितीचे: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. एखाद्या समाजाला हक्कासाठी स्वतःला ‘आदिम’ म्हणवून घ्यावे लागावे, हे खटकणारे आहे. हे निकष कालबाह्य झाल्याचे मत केंद्राच्याच कार्यगटाने २०१४ मध्ये मांडले होते. निकष बदलावेत, हा वाद चालू राहील. तोवर या निकषांवर टिकेल अशी मानववंशशास्त्रीय सामग्री लागते आणि ती नसली की शिफारशी अडतात.

दरवाजा कायमचा बंद आहे, असे मात्र नाही. कर्नाटकच्या यादीतील सिद्दींची नोंद २००३ मध्ये फक्त उत्तर कन्नडपुरती होती. २०२० च्या दुरुस्तीने ती बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांनाही लागू झाली. एका बाजूला मान्य झालेला समाज दुसऱ्या बाजूलाही तोच आहे, हे पटले की कायदा सरकतो. कुणब्यांच्या बाबतीत ही दुसरी बाजू राज्याच्या सीमेपलीकडे आहे, एवढाच फरक.

स्वयंसेवकाने काय करावे?

कुर्दांच्या अनुभवाचा धागा येथे जोयड्याला येऊन मिळतो. ज्या समाजाची अडचण पुराव्याची आहे, त्याची सर्वांत मोठी सेवा नोंद हीच आहे.

वनहक्क नियमांतील १३ वा नियम पुराव्याबाबत उदार आहे. जुनी राजपत्रे, जनगणना, वनखात्याचे अभिलेख यांच्याबरोबर घरे, झोपड्या, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा, वंशावळ, दावेदारांव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांच्या लेखी घेतलेल्या जबान्या आणि नामांकित संस्थांनी केलेले चालीरीतींचे अभ्यास हे सर्व त्यात बसते. म्हणजे एखाद्या आजीने सांगितलेली कुळकथा, देवराईतील दगड, ओसाड पडलेल्या वाड्याचा चौथरा ही केवळ लोकसाहित्याची सामग्री नाही. तो कायद्याने मान्य केलेला पुरावा होऊ शकतो. फक्त तो कुणीतरी पद्धतशीरपणे, तारखेसह, ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर लिहून ठेवला पाहिजे. सांगणारी पिढी वर्षागणिक कमी होत आहे.

या कामासाठी गोव्यातील तरुणांइतका योग्य स्वयंसेवक शोधून सापडणार नाही. परदेशी स्वयंसेवकाला दुभाष्या लागतो. सांगे, केपे किंवा काणकोणच्या विद्यार्थ्याला जोयड्यातील वृद्धेची बोली थेट कळते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर तिच्या चौकटीत असते. सात दिवसांत रस्ता झाडून, पथनाट्य करून शिबिरार्थी परततात. त्याच सात दिवसांत, आधी नीट प्रशिक्षण घेतले असेल तर, एका वाड्यातील चार कुळांच्या वंशावळी तयार होऊ शकतात. दोन राज्यांतील महाविद्यालयांनी मिळून हे काम काही वर्षे सातत्याने केले, तर घाटाच्या दोन्ही बाजूंच्या कुळांचे, देवांचे आणि आडनावांचे नाते कागदावर उभे राहील. ‘तोच समाज’ हे सिद्ध करण्यास याहून भक्कम आधार कोणता?

अर्थात, या कामाला मर्यादा घालून घ्याव्या लागतील. नोंद गावाची असते, नोंदवणाऱ्याची नव्हे. मूळ प्रत ग्रामसभेकडे राहावी, ध्वनिमुद्रणाला संमती घ्यावी आणि औषधी वनस्पती व कंदांच्या जातींचे ज्ञान जैवविविधता कायद्याखालील लोकनोंदवहीत, गावाच्या नावावर जावे. कुणाच्या प्रबंधासाठी किंवा कुणाच्या चित्रफितीसाठी हे ज्ञान उचलले गेले, तर ती सेवा नव्हे.

वेळही महत्त्वाची आहे. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्वांची जात नोंदवली जाणार आहे. ‘कुणबी’ या नावाचा घोळ येथे होऊ शकतो. महाराष्ट्रात कुणबी हा इतर मागासवर्गात मोडणारा मोठा शेतकरी समाज आहे, आणि मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे त्या नावाभोवती वेगळेच राजकारण उभे राहिले आहे. जोयड्यातील वनवासी कुणबी त्या गर्दीत हरवला, तर त्याची संख्या पुढे कुणालाच नेमकी सांगता येणार नाही. जात कोणती सांगायची, मातृभाषा कोणती सांगायची, हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे आहे. पण प्रश्नाचा अर्थ आणि उत्तराचा परिणाम समजावून सांगणे, हे स्वयंसेवकाचे काम होऊ शकते. गणनेच्या एका रकान्याने माणसाचे काय होते, ते हसकाच्या कुर्दांनी पन्नास वर्षे भोगले.

तुलनेची मर्यादा

ही तुलना ताणू नये, हे बजावणे आवश्यक आहे. कुर्दांनी रासायनिक अस्त्रे सोसली, गावे गमावली, सशस्त्र लढे दिले. त्यांपैकी एका प्रदीर्घ लढ्याला मे २०२५ मध्ये वेगळे वळण लागले. तुर्कस्तानशी चार दशके लढणाऱ्या कुर्दिस्तान कामगार पक्षाने विसर्जनाची घोषणा केली आणि जुलैमध्ये सुलेमानियाजवळ प्रतीकात्मक रीतीने शस्त्रे जाळली. जोयड्यातील कुणबी हा लोकशाही देशाचा मतदार आहे. त्याची लढाई अर्ज, शिफारस आणि कायद्याची आहे. दोहोंत साम्य एवढेच की सीमेने समाजाचे दोन भाग केले आणि प्रत्येक भागाचे हक्क वेगवेगळ्या दप्तरांनी ठरवले. मात्र हे साम्य लहान नाही.

आपल्या वाट्याचे काही कमी होईल, ही शंकाही निराधार आहे. यादी राज्यनिहाय असल्याने कर्नाटकात कुणब्यांना दर्जा मिळाला तरी गोव्यातील आरक्षणाला धक्का लागत नाही. उलट, मान्यता म्हणजे सर्व काही मिळाले असे नसते, हे गोव्याच्या आदिवासी समाजाइतके कुणाला ठाऊक आहे? २००३ मध्ये दर्जा मिळाला, पण २५ मे २०११ रोजी बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुणांचा बळी गेला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक असूनही ४० जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. त्यासाठीचे विधेयक संसदेत संमत व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. दर्जासाठी धनगर समाजाची मागणी तर अजून ताटकळतच आहे. एवढ्या दीर्घ वाटचालीचा अनुभव असलेला समाज घाटावरच्या भावंडांना वाट दाखवू शकतो. कोणते कागद लागतात, कुठे शिफारस अडते, कुणाचे दार ठोठवायचे, हे ज्ञान मदतीच्या पैशापेक्षा मोलाचे आहे.

तरुणांनी परदेशी जावे, कुर्दांच्या नवरोजात सामील व्हावे, त्यांच्या हातात हात गुंफून नाचावे. त्यातून जग कळते. मात्र तेथे जाताना एका वहीसह जावे आणि परतताना ती वही तेथेच ठेवून यावी. आणि ज्याला एवढा लांबचा प्रवास परवडणार नाही, त्याच्यासाठी अनमोडचा घाट आहे. पलीकडे त्याचीच भाषा बोलणारी माणसे ७५ वर्षांचा पुरावा शोधत आहेत. तो पुरावा त्यांच्या आठवणीत आहे. उतरवून घेणारा हात मात्र हवा आहे.